दोन पाळ्यांची एकच बाई

ताई माझ्यापेक्षा चौदा मिनिटांनी मोठी. ही चौदा मिनिटं तिने जन्मभर पुरवून पुरवून वापरली. पहिला घास तिचा, खिडकीकडची जागा तिची, नवी चप्पल तिची आणि जुनी माझी. मला त्याचं काही वाटत नसे असं मी लोकांना सांगत आले, पण ते खोटं आहे. मला वाटायचं, आणि चांगलंच वाटायचं.

दिसायला आम्ही इतक्या सारख्या, की आई घाईत असली की "अगं, जी कोण असशील ती, इकडे ये" अशी हाक मारायची. शाळेत नाव घालताना फोटो लागत होते. आईने फोटोवाल्याच्या स्टुलावर एकीलाच बसवलं आणि त्याच फोटोच्या प्रती दोघींच्या अर्जांवर चिकटवल्या. दोनदा कशाला, म्हणाली. स्टुलावर बसलेली ती कोण, हे आता कुणालाच ठाऊक नाही. ताई म्हणते, मीच. अर्थात.

त्यामुळे पुढे हजेरीच्या यंत्राने आम्हाला एक धरलं याचं मला नवल वाटायला नको होतं. पण राग यायला नवल लागतंच असं नाही.

धुलाईच्या कारखान्यात आम्हाला एकोणीस वर्षं झाली. हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून येतात, धुतल्या जातात आणि ओलसर असतानाच इस्त्रीच्या रोलरवर येतात. दोन बायकांनी चादरीचे दोन कोपरे धरायचे, एकाच वेळी ताणायचे आणि एकाच वेळी त्या तापलेल्या रोलरच्या तोंडात द्यायचे. एकीचा हात जरा मागे राहिला की चादर तिरकी जाते आणि मुकादमाचं तोंड सरळ सुटतं. आमची जोडी होती तोवर एकही चादर तिरकी गेली नाही. मग ताईला मुलगी झाली, ती सकाळच्या पाळीला गेली आणि मी दुपारच्या.

तेव्हापासून आमची अदलाबदल सुरू झाली. भाचीला ताप आला की मी ताईची सकाळ करायचे आणि ती माझी दुपार. माझी दाढ ठणकली तरी तेच. दाराशी खिळ्यांवर पितळी बिल्ले असायचे. ताईचा एक्केचाळीस, माझा बेचाळीस. जिच्या जागी जायचं तिचा बिल्ला पेटीत टाकायचा की झालं. मुकादमाला कळत नसे असं नाही. पण चादर सरळ जातेय ना, मग त्याने कशाला डोकं पिकवावं.

गेल्या वर्षी बिल्ले गेले आणि दोन यंत्रं आली. एक आत जायच्या दाराशी, एक बाहेर पडायच्या दाराशी. दोन्ही दारं शेजारीशेजारी, मध्ये लोखंडी जाळी. पहिला महिना शिकण्याचा होता. आमच्या नव्हे, यंत्राच्या. आपला नंबर दाबायचा, काचेसमोर उभं राहायचं, ते फोटो घेणार आणि महिनाभरात सगळ्यांचे चेहरे पाठ करणार. नंतर नंबर दाबायचीही गरज नाही, नुसतं तोंड दाखवायचं.

नेमक्या त्याच महिन्यात भाचीला कांजिण्या आल्या. आम्ही सवयीने पाळ्या बदलल्या, चांगले अकरा दिवस. जिच्या जागी जायचं तिचा नंबर दाबायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. समोरचं यंत्र शिकतंय, हे आम्हा दोघींच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. जगात दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती, कारण दुसऱ्या कुणाला ती जमलीच नसती.

महिना संपल्यावरचा पहिला सोमवार. मी दोनच्या पाळीला दाराशी उभी राहिले. काचेवर लाल अक्षरं आली. हा चेहरा एक्केचाळीस नंबरचा आहे. बेचाळीस नंबर बंद करण्यात आला आहे.

साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. साहेब माणूस वाईट नाही. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं.

"हे बघा, तुम्ही दोघी आहात हे मला दिसतंय," ते म्हणाले.

"मग झालं तर."

"माझ्या दिसण्याला कोण विचारतो? हेड ऑफिसला यंत्राचा अहवाल जातो. यंत्र म्हणतं, एकच बाई दोन नंबरांवर हजेरी लावते. म्हणून त्याने नंतरचा नंबर बंद केला, आधीचा ठेवला."

"आणि माझी एकोणीस वर्षं?"

"ती कुठे जात नाहीत. एक्केचाळीसमध्ये जोडली आहेत." आणि मला बरं वाटावं म्हणून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

खरंच सगळं होतं. माझ्या रजा, माझे खाडे, सात वर्षांपूर्वीचा अपघातसुद्धा. रोलरवर माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता, दोन महिने मी उजव्या हाताने वेणी घालायला शिकत होते. ती नोंद आता ताईच्या नावाखाली होती. भाजलेला हात माझ्याजवळ आणि भाजल्याची नोंद तिच्याजवळ. बघता बघता माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"यातून मार्ग आहे," साहेब म्हणाले. "दोघींनी एक्केचाळीसवरच काम करा. सकाळी त्या, दुपारी तुम्ही. कागदावर बाई एक, पाळ्या दोन. दुसरी पाळी मी ओव्हरटाइम दाखवतो. पगार एका खात्यात येईल, घरात तुम्ही वाटून घ्या. सिस्टीम सोळा तासांपर्यंत हरकत घेत नाही."

"म्हणजे रोज सोळा तास राबणारी बाई तुमच्या यंत्राला चालते, पण दोन बायका चालत नाहीत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हरकतीचा अर्ज असतो. सात दिवसांत द्यावा लागतो. पण त्यात कारण लिहावं लागेल, एका नंबरवर दोन चेहरे आलेच कसे. काय लिहाल? एकमेकींचा नंबर दाबला? त्याला हजेरीतली फसवणूक म्हणतात. दोघींनाही घरी बसवतील. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"मी कुणाचा ओव्हरटाइम नाही," मी म्हटलं. "अर्ज द्या."

संध्याकाळी ताईकडे गेले. ती ओट्याशी बटाटे सोलत होती आणि चेहरा असा निवांत, की मला तिथेच कळलं. साहेबांचा फोन येऊन गेला होता.

"मी हो म्हणून टाकलं," ती म्हणाली. "दोघींच्या वतीने."

"दोघी आहोत हे निदान तुला तरी आठवलं."

"आता टोमणे नकोत. काम तूच करणार, हात तुझेच राहणार. कागदावर कोण आहे त्याने काय फरक पडतो? नाव म्हणजे काय, डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी."

"मग तुझी चिठ्ठी काढू या. माझा बेचाळीस ठेवू आणि तू ये माझ्यात."

एक बटाटा तिने इतका सोलला की त्याचा लिंबाएवढा उरला. "मी मोठी आहे," शेवटी म्हणाली.

"चौदा मिनिटं, ताई."

"बरं, चौदा मिनिटं. पण माझ्यामागे लेकरू आहे. उद्या दोघींचं काम गेलं तर ती काय खाणार, तुझी जिद्द? तू एकटी आहेस. तुला परवडतं हे सगळं."

ते मला लागलं. एकटीला जिद्द परवडते असं ज्याला वाटतं त्याने महिनाभर एकटं राहून बघावं. मला घरात आई म्हणणारं कुणी नाही, अगं म्हणणारं कुणी नाही. शेजारीपाजारी मला ताईची बहीण म्हणतात. कारखान्यात बायकांनी तिचं नाव थोरली पाडलं आणि माझं दुसरी. घडी घालणाऱ्या मावशी तर म्हणतात, तुम्ही दोन आहात हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. सगळ्या जगात मला मीच म्हणून ओळखणारी जागा एकच होती, दारावरचा तो एक खिळा. बेचाळीस म्हटलं की फक्त मी. ताई नाही, आई नाही, कुणी नाही. तो नंबरही आता हिने देऊन टाकला होता, बटाटे सोलता सोलता, आणि वर मला न विचारता.

हे सगळं मी तिला बोलून दाखवलं नाही. "तुझ्या लेकराला धक्का लागणार नाही," एवढंच म्हटलं आणि निघाले.

पुढचे चार दिवस मी कामावर गेले नाही. म्हणजे गेले, पण आत गेले नाही. दोन वाजता दाराशी उभी राहायचे, यंत्र गोड आवाजात म्हणायचं, "स्वागत आहे, एक्केचाळीस." मी पाठ फिरवून घरी यायचे. मुकादम मागून हाका मारायचा, अगं ये की आत, ते म्हणतंय ना ये म्हणून. नुसतं एक पाऊल टाकायचं होतं. पण ते पाऊल ताईचं म्हणून लिहिलं गेलं असतं.

घरी बसून मी अर्ज लिहिला. तीन कागद फाडले. कारणाच्या रकान्यात शेवटी असं लिहिलं, की शिकण्याच्या महिन्यात मी अकरा दिवस बहिणीचा नंबर दाबला आणि माझा नंबर तिला दाबायला लावला. बहिणीस या प्रकाराची काहीही कल्पना नव्हती, चूक सर्वस्वी माझी आहे. वाचून बघितलं. शेवटचं वाक्य धडधडीत खोटं होतं, पण भाची त्या वाक्यावर जेवणार होती. खाली सही केली आणि सहीखाली बेचाळीस लिहिलं.

पाचव्या दिवशी पाऊण वाजताच जाऊन पहिला नंबर लावला. दोनला दार उघडलं. साहेब दाराशी पाळी मोजायला आले होते. त्यांच्या हातात अर्ज दिला, दुसरी प्रत पुढे केली.

"पोच द्या."

साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "असं काही लिहायचं असतं का? राहू दे, ठेवून जा, बघतो मी."

"बघू नका. पोच द्या."

ज्याने कधी कचेरीत खेटे घातलेत त्याला सांगायला नको. बघतो म्हणून ठेवलेला कागद कुणालाच परत दिसत नाही. शिक्का आणि तारीख पडली तरच तो कागद, नाहीतर रद्दी. नोंद नाही म्हणून यंत्राने मलाही अशीच रद्दी ठरवलं होतं.

"अहो, मागे रांग आहे. बाजूला तरी व्हा."

"आत जाता येत नाही, माझा नंबर बंद आहे. बाहेर का जाऊ, मी कामावर आलेय. शिक्का मारा, लगेच हलते."

मागे चाळीस बायका. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, धक्के बसतील. मावशींनी कोपऱ्यातला एक क्रेट उपडा घातला आणि त्यावर बसल्या. "मारा हो शिक्का," त्या म्हणाल्या, "तोवर माझे गुडघे तरी बसतात." बाकीच्या हसल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मी यंत्रासमोरच उभी. मान जरा हलली की ते म्हणायचं, "स्वागत आहे, एक्केचाळीस." तेवढ्यात जाळीपलीकडे सकाळची पाळी सुटली. ताई बाहेरच्या यंत्रासमोर आली. "पुन्हा भेटू, एक्केचाळीस," ते म्हणालं. इकडचं लगेच, "स्वागत आहे, एक्केचाळीस." तिकडचं, "पुन्हा भेटू, एक्केचाळीस." एकच बाई एका दाराने येत होती आणि दुसऱ्याने जात होती, आणि त्या दोन्ही यंत्रांना त्यात काहीही वावगं दिसत नव्हतं. रांगेत हसण्याची लाट उसळली. साहेबांना मात्र घाम फुटला होता. आतून मुकादम ओरडला, रोलर रिकामा तापतोय, वरचं कापड करपेल, माणसं पाठवा.

ताई जाळीपाशी येऊन थांबली. पाच दिवसांत आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. आरशात दिसलं असेल तेवढंच.

"बघू अर्ज," ती म्हणाली.

साहेबांना हायसं वाटलं. "घ्या, तुम्हीच समजवा हिला." त्यांनी जाळीतून कागद तिकडे सरकवला.

ताईने वाचलं. हळूहळू, ओठ हलवत, ती नेहमी वाचते तसं. मला वाटलं आता फाडणार. मनाशी ठरवलं, दुसरा लिहीन. दुसरा फाडला तर तिसरा लिहीन. सातवा दिवस उजाडायला अजून दोन दिवस होते.

"यात चूक आहे," ताई साहेबांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बहिणीस कल्पना नव्हती? मला?"

"ताई, राहू दे. तुझ्यासाठीच लिहिलंय ते."

"पहिल्या दिवशी सकाळी तुझ्या दाराशी कोण आलं होतं? मी. माझी पाळी कर म्हणून कुणी सांगितलं? मी. नंबर दाबायला विसरू नकोस हेसुद्धा मीच म्हटलं. आणि तू मला यातून पार पुसून टाकलंस." तिचा आवाज चिरकला. ती रडत होती की चिडली होती, ते मलाही कळलं नाही, आणि मला तिचं सगळं कळतं. "यंत्राने तुला काढलं म्हणून पाच दिवस घुमी बसलीस. आणि तू मला काढलंस, ते चालतं? भोळी थोरली, तिला काय कळतंय. माझी चूक आहे ती. माझी मला दे."

मी जन्मभर तिच्यावर राग धरला, की ही माझ्या वाटचं घेते. तिच्या वाटचं मी घेऊ शकते हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"आणि पोर?" मी विचारलं.

"पोरीचं मी बघेन. तू मावशी आहेस, मावशीसारखी राहा. पेन दे."

साहेब म्हणाले, "अहो बाई, विचार करा. आत्ता तुमचं काम शाबूत आहे. एकदा लिहून दिलंत की माझ्या हातात काही राहणार नाही."

"तुमच्या हातात आधी तरी काय होतं, साहेब?" ताईने शांतपणे विचारलं. चौदा मिनिटांच्या मोठेपणाचा असा उपयोग तिने पहिल्यांदाच केला.

तिने शेवटचं वाक्य खोडलं. खाली आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, की अकरा दिवस मीही बहिणीचा नंबर दाबला, आणि सुरुवात माझी आहे. सही केली. तीच दुरुस्ती मी सरकवलेल्या दुसऱ्या प्रतीवर केली, पुन्हा सही केली आणि दोन्ही कागद जाळीतून परत दिले. साहेबांनी आमच्याकडे आलटून पालटून पाहिलं. मग मावशींकडे, मग रांगेकडे. आतून करपल्याचा वास यायला लागला होता. त्यांनी खिशातून शिक्का काढला आणि जाळीच्या आडव्या पट्टीवर कागद टेकवून मारला, तारीख घातली. मी बाजूला झाले. बायका आत गेल्या.

निकाल यायला दहा दिवस लागले. या दहा दिवसांत ताईलाही घरी बसवलं, आणि आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. ती एकदा डबा घेऊन आली, मी एकदा भाचीचा अभ्यास घ्यायला गेले, इतकंच. भीती दोघींनाही वाटत होती. मी ती लपवत होते, ताई मोठ्याने सांगत होती.

अकराव्या दिवशी सकाळी ताई पाकीट घेऊन माझ्याकडे आली. तेवढ्यात माझ्याही दाराशी टपालवाला उभा राहिला. लांबट पांढरी पाकिटं, दोन्ही सारखी. आम्ही जमिनीवर बसून उघडली. ताईच्या पत्रात लिहिलं होतं, की एक्केचाळीस नंबरच्या कर्मचारी श्रीमती अमुक यांना हजेरीतील गैरप्रकाराबद्दल निलंबित करण्यात येत असून त्यांनी चौकशीस हजर राहावं. माझ्या पत्रात तेच, फक्त नंबर बेचाळीस, आणि अमुकच्या जागी माझं नाव. पूर्ण नाव, एकही अक्षर न चुकवता.

दोन्ही पत्रं मी शेजारीशेजारी ठेवली आणि कितीतरी वेळ बघत बसले. यंत्राच्या हिशेबी बाई एकच होती. तिला निलंबित करायला त्यांना दोन पत्रं लिहावी लागली.

"हसतेस काय?" ताई म्हणाली. "काम जातंय आपलं."

"आपलं नाही. तुझं तुझं, माझं माझं."

मग तीही हसायला लागली. डोळे पुसत पुसत तिने दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. चौकशी एकाच दिवशी होती. तिला अकरा वाजता बोलावलं होतं, मला साडेअकराला.

"सकाळी इकडेच येते," ती म्हणाली. "दोघी मिळून एकदमच जाऊ. एकमेकींना आधार होईल."

"नको," मी म्हटलं. "तू अकराला जा. मी साडेअकराला येते."